कर्नलमध्ये सामायिक ग्लोबल व्हेरिएबल कसे घोषित करावे

सी भाषेतील कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एखादे व्हेरिएबल अनेक फाइलींना वापरायचे असेल, तर हेडरमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट करायच्या सामायिक फाइलीत) ‘एक्स्टर्न’ लावून त्याची केवळ घोषणा, म्हणजे नाव आणि प्रकार, द्यावी आणि व्याख्या, म्हणजे प्रत्यक्ष जागा राखणारी ओळ, मात्र एकाच सोर्स फाइलीत ठेवावी. उदाहरणार्थ, टायमरचे टिक मोजणाऱ्या व्हेरिएबलची व्याख्या टायमरच्या फाइलीत असावी आणि शेड्युलरने (कामांना प्रोसेसरचा वेळ वाटून देणाऱ्या भागाने) फक्त हेडर समाविष्ट करावे. तेच हेडर टायमरच्या फाइलीतही अवश्य घ्यावे, कारण घोषणा आणि व्याख्या यांचे प्रकार जुळत नसतील तर कंपायलर तिथेच अडवतो. एरवी एकीकडे ॲरे आणि दुसरीकडे पॉइंटर असा घोळ लिंकरच्याही (कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रामच्याही) सहसा लक्षात येत नाही.

हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ विसरल्यास २०२० साली आलेल्या जीसीसी १० (जीसीसी या कंपायलरची दहावी आवृत्ती) पासून लिंकर दुबार व्याख्येची त्रुटी दाखवतो. त्याआधी आरंभीचे मूल्य नसलेल्या अशा व्याख्या मुकाट्याने एकत्र केल्या जात, आणि माझ्या मते ते अधिक घातक होते.

इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरच्या संकेतावर मध्येच चालणारे फंक्शन) बदलत असलेल्या व्हेरिएबलला ‘व्होलाटाइल’ लावावे, म्हणजे कंपायलर त्याचे मूल्य दरवेळी मेमरीतून वाचतो. मात्र एकाहून अधिक प्रोसेसर त्यात लिहिणार असतील, तर तेवढ्याने भागत नाही, तिथे स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) किंवा ॲटॉमिक (मध्येच न तुटणारी) क्रियाच वापरावी.