शेल स्क्रिप्टमधे टेलिग्राम बॉट बनवायचाय? मग फंक्शन आधी नीट लिहायला शिका

नाशिकमधे लिनक्स सपोर्ट किंवा सिस्टीम ॲडमिनच्या कामासाठी धडपडणारी बरीच पोरं मला विचारतात की शेल स्क्रिप्टिंगचा (म्हणजे लिनक्सच्या कमांड फाईलमधे लिहून कामं आपोआप करून घेण्याचा) सराव कशावर करायचा, कारण पुस्तकातले ते दोन नंबरची बेरीज, मूळ संख्या, तारे छापा असले प्रोग्राम करून कंटाळा येतो आणि इंटरव्ह्यूत ते कोणी विचारतही नाही. माझं उत्तर एकच असतं, चॅट बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, बनवा, आणि तो कोणीतरी खरोखर वापरेल असा बनवा. वापरणारा माणूस घरचा असेल तर उत्तम, कारण तो तोंडावर बोलतो.

माझ्याकडे तो माणूस म्हणजे मामा. निफाड तालुक्यात शेती, चाळीत कांदा भरलेला, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न की आज लासलगावला काय भाव निघाला, पिंपळगावला काय निघाला, उद्या गाडी भरायची की थांबायचं. त्यांच्या ग्रुपवर भाव येतात पण गुड मॉर्निंगच्या फुलांत आणि व्हिडिओत हरवून जातात. म्हणून बॉट असा केला की मामा आणि त्यांचे मित्र लिलाव झाला की भाव टाकतात, तो एका साध्या फाईलमधे जातो, आणि कोणी "लासलगाव लाल" असं लिहिलं की शेवटचा किमान, कमाल, सरासरी भाव तारखेसकट परत येतो. बस्स एवढंच, यात कुठली एआय बिआय नाही.

व्हॉट्सॲपवर का नाही, हे सगळेच विचारतात. तिथे अधिकृत रस्त्याने जायचं तर बिझनेस अकाउंट लागतं, आणि मेसेज घ्यायला इंटरनेटवरून दिसेल असा सर्व्हर उभा करावा लागतो, शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्यात पडू नये. टेलिग्रामने बॉटची सोय 2015 मधे सुरू केली. बॉटफादर नावाच्या बॉटला मेसेज करायचा, नाव द्यायचं, तो टोकन (बॉटचा गुप्त पासवर्ड) देतो, आणि मग करल (नेटवरून डेटा मागवणारी, पाठवणारी) आणि जेक्यू (आलेल्या डेटातून हवं ते वेचणारी) या दोन कमांडवर सगळा कारभार चालतो. जुना लॅपटॉप असला तरी भागतं.

स्क्रिप्ट लिहायला बसायच्या आधी टर्मिनलवर हाताने करून बघा. स्वतःच्या बॉटला मोबाईलवरून काहीतरी पाठवा, मग करलने गेटअपडेट्स (बॉटला आलेले नवे मेसेज) मागवा आणि आलेलं जेसॉन (डेटाची ठराविक मांडणी) जेक्यूमधून काढून शांतपणे वाचा. त्यात अपडेट आयडी दिसेल, चॅट आयडी दिसेल, तुमचा मजकूर दिसेल. हे तीनच महत्त्वाचे. चॅट आयडी घेऊन हातानेच सेंडमेसेज करा, मोबाईल वाजला की निम्मं काम कळलं. एक नियम इथेच कळतो, बॉट स्वतःहून कोणाला पहिला मेसेज करू शकत नाही, समोरच्याने आधी स्टार्ट दाबावं लागतं.

आता फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा नाव दिलेला कोडचा तुकडा. जावा किंवा पायथन थोडंफार करून आलेली पोरं इथे हमखास गंडतात, कारण बॅशमधलं (बॅश म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल) रिटर्न उत्तर परत देत नाही. ते फक्त 0 ते 255 मधला एक आकडा देतं, 0 म्हणजे जमलं, बाकी काहीही म्हणजे नाही जमलं. रिटर्न 300 लिहाल तर बाहेर 44 येतो, कारण 255 च्या पुढे परत शून्यापासून मोजणी. उत्तर द्यायचं तर ते स्टँडर्ड आउटपुटवर छापायचं आणि ज्याला हवं त्याने डॉलर-कंसात, म्हणजे $( ) मधे, पकडायचं. मग यातून दुसरी गोष्ट येते, फंक्शनमधे "भाव शोधतोय" असला लॉग तुम्ही साध्या इकोने (छापायच्या कमांडने) छापला तर तो पण उत्तरात मिसळतो आणि मामांना भावाच्या आधी ती ओळ जाते. म्हणून लॉग कायम स्टँडर्ड एररवर. उत्तर एका नळाने, बडबड दुसऱ्या नळाने, हे एकदा डोक्यात बसलं की पाइपपासून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडणं) क्रॉनपर्यंत (ठरल्या वेळी काम चालवणारा) निम्मं युनिक्स सोपं वाटायला लागतं.

व्हेरिएबल फंक्शनच्या आत लोकल करायचं, म्हणजे ते बाहेर दिसणार नाही, हे सगळे सांगतात. पण लोकल आणि कमांडचं उत्तर एकाच ओळीत लिहिलं तर कमांड फेल झाली तरी स्टेटस 0 च दिसतो, कारण तो स्टेटस लोकलचा असतो, कमांडचा नाही. नेट गेलं, करल आपटला, आणि तुमचा इफ मात्र सगळं छान चाललंय समजतो. आधी लोकल, पुढच्या ओळीत उत्तर भरा. शेलचेक नावाचं टूल हे असलं सगळं पकडतं, ते पहिल्या दिवसापासून चालवा, त्याच्या शिव्या खाऊनच बॅश येतं.

माझ्या बॉटमधे मोठं फंक्शन एकही नाही. एक अपडेट आणतं, एक मेसेज पाठवतं, एक मजकूर साफ करतं, एक भाव शोधतं, एक भाव लिहितं, आणि एक नुसतं केस (पर्यायांतून निवड करणारी रचना) लावून कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवतं. फायदा असा की भाव शोधणारं फंक्शन टेलिग्रामशिवाय टर्मिनलवर तपासता येतं. इंटरव्ह्यूत पण हेच दाखवायला बरं पडतं, अख्खी स्क्रिप्ट कोणी वाचत बसत नाही.

लूपबद्दल (सतत नवे मेसेज बघत राहणारा भाग) थोडं सविस्तर सांगतो कारण इथे बॉट वेड्यासारखा वागतो. टेलिग्रामला प्रत्येक वेळी ऑफसेट सांगावा लागतो, म्हणजे शेवटच्या अपडेट आयडीत एक मिळवून, तेव्हा त्याला कळतं की मागचे मेसेज तुम्हाला पोचले. आता बहुतेक जण जेक्यूचं आउटपुट पाइपने व्हाईल रीडमधे (ओळीओळीने वाचणाऱ्या लूपमधे) टाकतात आणि आत ऑफसेट वाढवतात. दिसायला बरोबर. पण पाइपच्या पलीकडचा व्हाईल सबशेलमधे (वेगळ्या, तात्पुरत्या शेलमधे) चालतो, त्याने वाढवलेला ऑफसेट लूप संपला की गायब, बाहेर जुनाच आकडा. मग बॉट त्याच मेसेजला परत परत उत्तर देत सुटतो, माणसाने एकदा विचारलं "पिंपळगाव" आणि फोन वाजतोय वाजतोय. उपाय म्हणजे पाइप न करता प्रोसेस सब्स्टिट्यूशनने, म्हणजे < <( ) लिहून, लूपला आउटपुट खालून द्यायचं, आणि ऑफसेट फाईलमधे पण लिहून ठेवायचा म्हणजे लाईट जाऊन लॅपटॉप बंद पडला तरी तिथून पुढे सुरू. टेलिग्राम न घेतलेले अपडेट 24 तास ठेवतं, त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे तास दोन तास वीज गेली तरी काही हरवत नाही. लाँग पोलिंगचा (नवा मेसेज येईपर्यंत कनेक्शन धरून वाट बघण्याचा) टाईमआउट 50 सेकंद ठेवलात तर करलचा मॅक्स टाईम त्याहून जास्त ठेवा, नाहीतर करल आधीच फोन ठेवून देतो.

आणि हे आपल्या मराठी लोकांसाठी खास, इंग्रजी ट्युटोरियलमधे मिळणार नाही. मामा मराठी कीबोर्डवर टाईप करतात, म्हणजे भाव येतो "१७५०" असा. बॅशच्या हिशोबात तो आकडाच नाही. टीआर कमांडने बदलायला जाल तर कचरा होतो कारण ती एकेक बाईट बघते आणि देवनागरी आकडा तीन बाईटचा. सेडची वाय कमांड हे बरोबर करते, दहा मराठी आकडे डावीकडे, दहा इंग्रजी उजवीकडे. टर्मिनलवर मस्त चालतं. मग तीच स्क्रिप्ट क्रॉन किंवा सिस्टीमडीमधून (मागे प्रोग्राम चालवत ठेवणारी लिनक्सची सोय) लावली की सेड म्हणतो दोन्ही बाजूंची लांबी वेगळी आहे, कारण तिथे यूटीएफ-8 लोकेल (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) सेट नसतो आणि त्याला दहा अक्षरांऐवजी तीस बाईट दिसतात. स्क्रिप्टच्या वरच लोकेल एक्सपोर्ट करा, विषय संपला. तसंच कोणी "0850" लिहिलं तर पुढच्या शून्यामुळे बॅश त्याला ऑक्टल (आठच्या पायातली संख्या, त्यात 8 हा अंकच नसतो) समजून एरर देतं, आकड्याआधी दहाचा बेस सांगावा लागतो. पाठवताना पण मजकूर करलच्या डेटा-यूआरएलएनकोडमधूनच द्या, नाहीतर मधे अँड चिन्ह आलं की पुढचा मेसेज कापला जातो.

मामांचा पहिला अभिप्राय तांत्रिक नव्हताच. "अरे, भाव सांगतो ते ठीके, पण कुठल्या दिवसाचा ते सांगत नाही, लिलाव बंद असला तरी कालचाच आकडा दाखवतो, त्याच्यावर मी गाडी भरू का?" तारीख तेव्हा उत्तरात आली. असले प्रश्न क्लासमधे कोणी विचारत नाही.

सुरक्षेचं मात्र हलक्यात घेऊ नका. बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर तुमच्या शेलमधे येतोय, म्हणून इव्हॅलला (मजकूरच कमांड म्हणून चालवणारी कमांड) हातसुद्धा लावायचा नाही, व्हेरिएबल कायम डबल कोट्समधे, आणि युझरने लिहिलेल्या नावाने थेट फाईल उघडायची नाही. बाजाराची नावं केसमधे मोजून ठेवा, लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, चांदवड, येवला, यातलं नसेल तर "हा बाजार माहीत नाही" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. भाव लिहायचा हक्क फक्त ठरलेल्या युझर आयडींना. टोकन वेगळ्या फाईलमधे, परमिशन 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि करलला कॉन्फिग फाईलमधून द्या कारण कमांड लाईनवर दिलेलं टोकन त्याच मशीनवरच्या दुसऱ्या युझरला पीएसमधे (चालू प्रोग्रामच्या यादीत) दिसू शकतं. गिटवर चुकून गेलंच तर नुसतं डिलीट करून उपयोग नाही, हिस्टरीत राहतं, बॉटफादरकडे जाऊन रिव्होक (रद्द) करून नवीन घ्या.

शेवटी सिस्टीमडीची छोटी सर्व्हिस लिहा, पडला तर आपोआप उठेल अशी, आणि एफलॉक लावा म्हणजे दोन कॉपी एकदम चालणार नाहीत. दोन चालल्या तर टेलिग्राम 409 एरर देतं. लांब उत्तर असेल तर 4096 अक्षरांची मर्यादा लक्षात ठेवा.

बॅश कुठे सोडायचं हे पण सांगून ठेवतो. कोण संभाषणात कुठल्या पायरीवर आहे हे लक्षात ठेवायची वेळ आली, किंवा जेसॉनच्या आत जेसॉन बनवायला लागलात, की पायथनकडे वळा, उगाच हट्ट नको. मामांना आता महिन्याभराच्या भावाचा ग्राफ पाहिजे, तो मी पायथनमधेच करतोय, भाव टाकायचं आणि विचारायचं काम अजून बॅशवरच आहे.