भट्टीवरच्या लेकरांच्या शाळेला हातभार लावायचा तर

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दिवाळी आटोपली की पुलगाव स्टेशनासमोर छत्तीसगडची माणसं गाडीत चढायची. डोक्यावर गंज-भगुण्यांचं बोचकं, कडेवर लेकरू. मी अर्धी तिकिटं फाडायचो अन् विसरून जायचो. निवृत्त झालो तेव्हा समजलं, त्यातली कितीक पोरं आमच्याच गावच्या वीटभट्ट्यांवर उतरत होती, आमच्या जिल्हा परिषद शाळेपासून दोन किलोमीटरवर. सहा वर्षांपासून त्या शाळेसाठी जमेल ते करतो. कोणी विचारलं, काय द्यावं, तर मी आधी महिना विचारतो.

कारण भट्टीचं वर्ष वेगळं असते. माणसं दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर जातात. आपले दानशूर १५ ऑगस्टला वह्यांचे गठ्ठे घेऊन येतात, तेव्हा भट्टीवर चिखलाशिवाय कोणी नसते. पहिल्या वर्षी मीही चुकलो. जानेवारीत वर्गणी करून १८ गणवेश शिवायला टाकले, टेलरने लग्नसराईच्या नावाखाली मार्च उजाडवला. तोवर उचलीवरून मुकादमाशी वाजलं अन् चार कुटुंबं रातोरात दुसऱ्या भट्टीवर गेली. त्यांचे शर्ट अजून माझ्या पेटीत आहेत. तेव्हापासून नियम केला: जे आठ दिवसांत पोराच्या हातात पडत नाही, ते बोलायचंच नाही.

सुरुवात नोव्हेंबरात करा, अन् गुरुजींसोबत करा. एकटे भट्टीवर गेलात तर मालकाला वाटते, हा तक्रार करणारा आला. बाजाराचा दिवस धरा. त्या दिवशी मजुरांना आठवड्याची खर्ची मिळते, काम बंद असते, आईबाप झोपडीपाशी सापडतात. एरवी ते रात्री दोन-अडीचला उठून विटा थापतात, अन् सकाळी दहाला गेलात तर मेल्यासारखे झोपलेले असतात.

त्यांच्या छत्तीसगढी भाषेचा थोडा अभ्यास करून जा. ‘तुझं नाव काय’ म्हटलं तर पोरगी आईमागे लपते. ‘तोर नाव का हे?’ म्हटलं की हसते. मला आता सगळे ‘बबा’ म्हणतात, म्हणजे आजा.

कागद नाहीत म्हणून कोणी परत पाठवत असेल तर शांतपणे सांगा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्माचा दाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, अन् पोराला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असते. नाव पटावर चढलं की पुस्तकं अन् दुपारची खिचडी शाळेतूनच मिळते. त्यासाठी तुमचे पैसे नको.

पैसे लागतात ते भट्टीपासून शाळेपर्यंत आणायला. मधात राज्य महामार्ग आहे, रेतीचे ट्रक. आम्ही गावातलाच ऑटो महिन्याने लावला. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा राज्याचाच नियम आहे. म्हणून मुख्याध्यापकांना वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायला लावा. तो मंजूर होईतो ऑटोवाला थांबत नाही, तिथं आपली वर्गणी. पाचवीच्या पुढच्या मुलींना मोठ्या गावी जावं लागत असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. हे मला नोकरीपासून ठाऊक, पण भट्टीवर कोणाला माहीत नव्हतं.

दुसरा खर्च कोणाच्या ध्यानातच येत नाही. नऊ वर्षांची एक पोरगी रोज यायची नाही. बापाला विचारलं तर तो गप्प. आई म्हणाली, “बबा, छोटू ला कोन धरही?” धाकट्याला सांभाळणं हेच तिचं काम. आम्ही भट्टीवरच्याच एका डोकरीला महिन्याचे पैसे ठरवले. झाडाखाली लुगड्याचे चार पाळणे बांधले, एक माठ ठेवला. तीन पोरी शाळेत यायला लागल्या. वर्गणीतला इतका सार्थकी लागलेला पैसा मी दुसरा पाहिला नाही, अन् त्याचा फोटो काढावा असं त्यात काहीच नाही. देणगीदार मात्र फोटोच मागतात.

पैसे गुरुजींच्या खिशात देऊ नका, ते कितीही भले असोत. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा, पावती घ्या, हिशोब सभेत वाचायला लावा. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यात भट्टीवरची एक आई असावी, यासाठी मी दोन वर्षं भांडलो. करसवलत पाहिजे असेल तर देणगीवर आयकर सवलतीची नोंदणी (जुन्या कायद्यातलं ८०जी कलम) असलेल्या संस्थेमार्फत द्या. रोख २,००० च्या वर दिलं तर सवलत बसत नाही, अन् नवी करप्रणाली घेतली असेल तर ती सवलत नाहीच.

वापरलेले कपडे नको. केक नको. चपला मात्र द्या, त्या मार्च सरायच्या आत. आमच्याकडं एप्रिलात भुईवर पाय ठेवता येत नाही.

मे महिना सगळ्यात वाईट. शाळा बंद, खिचडी बंद, भट्टी चालूच. तेव्हा सकाळी सात ते नऊ भट्टीवरच ताडपत्री ताणून बसतो. फुटाणे-गूळ, पाढे, एक फळा. गावातल्या बारावी झालेल्या दोन पोरी शिकवतात. त्यांना फुकट राबवू नका, काहीतरी मानधन द्या.

शेवटचं काम निघायच्या आठवड्यातलं. राज्यातच दुसरीकडं जाणार असतील तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे पोर कुठवर शिकलं हे पुढच्या शाळेला दाखवायचं कार्ड. छत्तीसगडला जाणार असतील तर टीसी अन् गुणपत्रक. एकेक झेरॉक्स शाळेत ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आईजवळ द्या. बापाजवळ नको, तो पाकिटात घडी करून घामात भिजवतो. तिकडच्या शाळेचं नाव लिहून घ्या, गुरुजींचा नंबर मिळाला तर तोही. मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फोन लावून विचारा, पोरगी वर्गात बसली का म्हणून. मागल्या साली ११ फोन लावले. सात बसले होते. दोन नंबर बंद होते, अन् दोघांना तिथं कोणी पाहिलंच नव्हतं. यंदा नोव्हेंबरात पुलगावच्या गाडीवर उभा राहून त्या दोघांना शोधणार आहे.