मांजर घरी येण्याआधी: लिटर बॉक्सची जागा आणि सांडलवंडीचा बंदोबस्त

मांजर आणायचं ठरलं की आधी लिटर बॉक्स, म्हणजे मांजराने शी-शू करायचा डबा, विकत आणला जातो आणि मग तो कुठे ठेवायचा यावर घरात चर्चा सुरू होते. हा क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा, मग माप घ्या, मग बॉक्स आणा आणि लिटरची, म्हणजे बॉक्समध्ये भरायच्या दाण्यांची, पिशवी सगळ्यात शेवटी. वास येतो, लिटर घरभर पसरतं, मांजर बाहेरच करतं, या तक्रारी घेऊन माणसं लिटरचे ब्रँड बदलत राहतात. मुळात पुष्कळदा बॉक्स लहान असतो किंवा मांजराला न पटणाऱ्या जागी असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरात एक फेरी मारणं. जी जागा मनात आहे तिथे चक्क जमिनीवर बसा आणि मांजराच्या उंचीवरून आजूबाजूला बघा. येणारं माणूस दिसतंय का? उठून पळायचं झालं तर एकाहून जास्त वाटा आहेत का? शी-शू करताना मांजर बेसावध असतं आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून जिन्याखालची बोळकांडी, दोन कपाटांमधली फट किंवा पॅसेजचं बंद टोक या आपल्याला सोयीच्या वाटणाऱ्या जागा त्याला नकोशा वाटतात. घरात कुत्रा किंवा दुसरं मांजर असेल तर ही अट अजिबात सोडू नका. दुसरं मांजर नुसतं वाटेत बसून राहिलं तरी भित्रं मांजर बॉक्सकडे फिरकत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की दोघं मजेत बसली आहेत.

जागा शांत हवी, पण घरापासून तोडलेली नको. वॉशिंग मशीनच्या शेजारचा कोपरा यादीतून काढून टाका. मांजर आत असताना मशीनने एकदा का गरगरायला सुरुवात केली की ते पुन्हा तिथे पाय ठेवेल याची खात्री नाही. बाथरूम चालतं, फरशी धुता येते हा मोठा फायदाच आहे. फक्त दार चुकून बंद होऊ नये म्हणून अडसर आधीच बसवून घ्या आणि शॉवरचं पाणी तिथवर उडत नाही ना ते बघा. बाल्कनीत ठेवणार असाल तर जाळी भक्कम हवी, पाऊस आत येता कामा नये आणि आत-बाहेर जायची वाट रात्रीही उघडी राहिली पाहिजे. खाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांपासून बॉक्स लांब, शक्यतो वेगळ्याच खोलीत. म्हाताऱ्या मांजरासाठी वाटेत रात्री एखादा मंद दिवा असू द्या.

बॉक्स किती, याचा हिशोब सोपा आहे: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. मात्र दोन बॉक्स शेजारी शेजारी ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते, म्हणून ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक.

आता मापं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जेवढं लांब, त्याच्या निदान दीडपट बॉक्स लांब हवा. मांजर 45 सेंटीमीटर असेल तर बॉक्स निदान 68 सेंटीमीटरचा झाला. दुकानात ‘मांजरासाठी’ म्हणून मिळणारे अनेक बॉक्स याहून लहान निघतात. कपडे-पांघरुणं ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब आणून त्याची एक बाजू कापून घेतली की उत्तम काम होतं. कापलेली कड घासून गुळगुळीत करा, पोटाला आणि पंजाला लागते. बाकीच्या तीन भिंती 25 ते 30 सेंटीमीटर उंच असू द्या. उकरताना उडणारं लिटर त्या अडवतात आणि बसायला सुरुवात करून हळूहळू उभ्याने मुतणाऱ्या मांजराची धारही. पिल्लासाठी आणि सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या मांजरासाठी पुढची कड फार तर 10 सेंटीमीटर ठेवा, अगदी लहान पिल्लू असेल तर आणखी खाली.

झाकणाच्या बॉक्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. काही मांजरांना तो चालतो, पण झाकणामुळे वास जात नाही, आत कोंडतो. आपल्या नाकाला कळत नाही म्हणून साफसफाई लांबते आणि आत शिरणाऱ्याला मात्र तो सगळा सोसावा लागतो. वरून उडी मारून आत जायचे बॉक्स सांडलवंड खरोखर कमी करतात, पण ते धडधाकट, तरुण मांजरासाठी.

लिटर बिनवासाचं घ्या. अत्तराचा वास आपल्याला बरा वाटतो, बहुतेक मांजरांना नाही. बारीक दाण्याचं, गुठळी धरणारं बेंटोनाइट मातीचं लिटर मांजरांना साधारणपणे आवडतं, कारण ते पंजाला मऊ लागतं. तेच पंजाला चिकटून घरभर फिरतंही. लाकडाच्या किंवा कागदाच्या जाड गोळ्या कमी पसरतात, पण सगळ्या मांजरांना त्यांवर उभं राहणं आवडत नाही. मी आधी मांजराची पसंती बघेन आणि फरशीचा विचार नंतर. अगदी लहान पिल्लू सगळंच तोंडात घालून बघतं, म्हणून गुठळी धरणारं लिटर त्याला देऊ नका. ते पोटात जाऊन फुगतं. मांजर जिथून आणणार आहात तिथे कोणतं लिटर वापरतात ते विचारून घ्या आणि सुरुवात त्यानेच करा. बदलायचंच असेल तर रोज थोडं थोडं नवीन मिसळत जा. थर 5 ते 7 सेंटीमीटरचा पुरे. याहून जास्त घातलंत तर ते बाहेर उधळलं जातं. कमी घातलंत तर लघवी तळाशी जाऊन थापली जाते आणि खरा वास तिथूनच येतो.

पसाऱ्यासाठी मांजराचा पंजा एकदा नीट बघा. तळव्याच्या मऊ गाद्यांच्या मधल्या फटींत दाणे अडकतात आणि ते बाहेर पडताच गळत नाहीत, चार-पाच पावलं चालल्यावर गळतात. म्हणून बॉक्सच्या बरोबर खाली बसणारी चटई फारशा कामाची नाही. ती बाहेर पडायच्या बाजूला हातभर तरी पुढे आलेली हवी. दोन थरांची, वरून भोकं असलेली चटई दाणे पोटात घेते आणि ते परत ओतता येतात. टोचणारी चटई आणू नका, मांजर ती ओलांडून थेट उडी मारतं आणि दाणे आणखी लांब जातात. बॉक्सचं तोंड खोलीच्या मधोमध न करता भिंतीच्या कडेने वळवलंत तर मांजर चटईची पूर्ण लांबी चालून येतं. लांब केसांच्या मांजराचे बोटांमधले केस कापून घेतले की निम्मी कटकट मिटते. बॉक्सखाली कड असलेला मोठा ट्रे ठेवा, आणि छोटा झाडू-सुपली तिथेच भिंतीला टांगा. सामान हाताशी असलं की झाडणं होतं.

त्याच कोपऱ्यात लिटर उपसायचं जाळीचं खोरं, झाकणाचा छोटा डबा आणि पिशव्या ठेवा. दिवसातून एकदा तरी उपसायचं, दोनदा उपसलं तर फारच छान. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, त्यामुळे जितकं पडून राहील तितका वास चढतो. टॉक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून माणसालाही होऊ शकणारा, गरोदरपणात धोक्याचा परजीवी. त्याचे जंतू विष्ठेत असले तरी संसर्ग करण्याजोगे व्हायला त्यांना 1 ते 5 दिवस लागतात, म्हणजे रोज उपसणं ही त्या बाबतीतही राखणच आहे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. इलाजच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. उपसलेलं लिटर शौचालयात टाकू नका, नळी तुंबते.

महिन्यातून एकदा तरी बॉक्स रिकामा करून सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा. फिनाइल नको, फिनॉलसारख्या पदार्थांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्यातून विषारी वायू सुटतो. फरशीवर किंवा गादीवर केलंच, तर त्यासाठी एंझाइमचा क्लीनर आधीच आणून ठेवा. साध्या पुसण्याने आपल्याला वास येईनासा होतो, पण मांजराला येत राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

यादीत जनावरांच्या डॉक्टरांचा नंबरही लिहून ठेवा, रात्री कुठे न्यायचं त्यासह. नीट वापरात असलेला बॉक्स मांजराने अचानक सोडला, तर ते रागावलंय असं समजू नका, आधी तपासून घ्या. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि लघवी थेंबभरही होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो आणि त्यात जीव जातो. रोज उपसताना गुठळ्या किती आणि केवढ्या, याकडे लक्ष असलं की असे बदल लवकर कळतात.

मांजर आलं की पहिले काही दिवस त्याला बॉक्स असलेल्या एकाच खोलीत ठेवा. खाण्याची भांडी त्याच खोलीत ठेवावी लागतील, ती समोरच्या टोकाला ठेवा. पंजे धरून लिटर उकरायला शिकवायची गरज नसते. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर बॉक्सजवळ नेऊन सोडा, तेवढं पुरतं. पुढे जागा बदलावीशी वाटली तर नवीन जागी दुसरा बॉक्स मांडा, आणि मांजर तो रोज वापरायला लागेपर्यंत जुना हलवू नका.