यकृतात पसरलेली फ्रँट्झची गाठ: शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट व्हर्जिनिया फ्रँट्झ यांनी १९५९ साली वर्णन केलेली स्वादुपिंडाची ही दुर्मीळ गाठ मुख्यतः तरुण स्त्रियांमध्ये आढळते आणि सहसा संथ गतीने वाढते. त्यामुळे ती यकृतात पसरली असली, तरी स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगाप्रमाणे शस्त्रक्रियेची आशा लगेच सोडू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. सर्व गाठी काढता आल्यास रुग्ण अनेक वर्षे जगू शकतात.

प्रथम निदान पक्के करावे. बायोप्सीच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घेऊन अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवावेत, कारण न्यूरोएंडोक्राइन गाठ (संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची गाठ) सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा अशीच दिसते; पेशीकेंद्रकात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठलेले दिसणे ही फ्रँट्झच्या गाठीची महत्त्वाची खूण आहे.

यकृतातील गाठींची संख्या व जागा एमआरआयने ठरवून, स्वादुपिंड आणि यकृत या दोन्हींच्या शस्त्रक्रिया नियमित होणाऱ्या केंद्रातच सल्ला घ्यावा. दोन्ही अवयवांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया करायची की टप्प्याटप्प्याने, आणि उरणारे यकृत पुरेसे असेल का, हे स्पष्ट विचारावे. निरोगी यकृताचा साधारण २० ते ३० टक्के भाग उरणे आवश्यक असते. तो कमी पडणार असल्यास एका बाजूची प्रवेशिनी शीर (यकृताला रक्त पुरवणारी पोर्टल व्हेन) आधी बंद करून दुसरी बाजू वाढवता येते.

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असल्यास प्लीहाही काढावी लागू शकते. प्लीहा नसताना काही जंतूंचा संसर्ग गंभीर होऊ शकतो, म्हणून अशा वेळी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जंतूंविरुद्धच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्याव्यात. गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटू शकते, म्हणून स्कॅन दीर्घकाळ चालू ठेवावेत.