पावसाळी नाला उन्हाळ्यात पाहावा

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी मुंबईलगतच्या एका महापालिकेत पर्जन्य जलवाहिनी विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा पावसाचे पाणी लवकरात लवकर खाडीत पोहोचवणे एवढेच आपले काम आहे, अशी माझी समजूत होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर मुंबईतील नाल्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटरवरून 50 मिलिमीटर पावसापर्यंत वाढवण्याच्या कामाला वेग आला, आणि आजही या क्षेत्रातील बहुतेक चर्चा पाणी किती तुंबले व किती वेळात ओसरले यांभोवतीच फिरते. नवोदितांनी हा हिशेब शिकावाच. मात्र त्या पाण्याबरोबर खाडीत काय जाते, हे पाहण्याची सवयही पहिल्याच वर्षी लावून घ्यावी.

ती सवय उन्हाळ्यात लागते. आमच्याकडे मलवाहिन्या आणि पर्जन्य जलवाहिन्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे मे महिन्यात पावसाळी गटार वाहत असेल, तर त्यात कुठून तरी सांडपाणी येत आहे असे समजावे. नालेसफाईच्या दिवसांत आमच्या मुकादमांनी मला एका उघड्या चेंबरपाशी उभे केले आणि म्हणाले, "मॅडम, नुसतं बघत राहा." सकाळी सात वाजता तिथे फेसाळ पाण्याची बोटभर धार होती, आठपर्यंत ती मनगटाएवढी झाली आणि दहानंतर पुन्हा बारीक झाली. ती आंघोळीची आणि धुण्याभांड्यांची वेळ होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीच्या न्हाणीघरात हिरवा रंग ओतला, तर थोड्याच वेळात तो त्या चेंबरमध्ये उतरला. आमच्या नकाशावर ती जोडणी नव्हतीच.

चेंबर उघडल्यावर आत डोकावण्याची घाई मात्र कधीही करू नये आणि कोणालाही आत उतरवू नये. गटारात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही, हा समज जिवावर बेततो.

माझ्या हातून मोठी चूक झाली ती पाण्याचे नमुने घेण्यात. पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी नमुने घेतले, अहवाल चांगला आला आणि तो मी समाधानाने टिपणीला जोडला. वरिष्ठ अभियंत्यांनी एकच प्रश्न विचारला : "पहिल्या सरीचं पाणी कुठे आहे?" रस्त्यावर आठ महिने साचलेले तेल, टायरची भुकटी, शेण आणि कचरा यांचा मोठा वाटा सुरुवातीच्या जोरदार सरींतच धुऊन जातो, आणि मी नेमके तेच पाणी निसटू दिले होते. पुढच्या जूनमध्ये मी पहिल्या सरीलाच पातमुखाशी, म्हणजे नाला खाडीला मिळतो त्या तोंडाशी, उभी राहिले आणि दर दहा मिनिटांनी एक बाटली भरली. पहिली बाटली काळी होती, सहावी गढूळ तांबडी. दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्या, तेव्हा विभागात कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

बीओडीचा, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते मोजण्यासाठीचा, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि जिवाणूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक केलेली बाटलीच वापरावी. किनाऱ्यालगत काम असेल, तर त्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे; भरतीचे पाणी पातमुखातून आत शिरलेले असताना भरलेल्या बाटलीत नाल्यापेक्षा खाडीच जास्त येते.