फ्लाइंग लेसनआधी पोटात गोळा येतो? मग हे करून पाहा

विमान शिकणाऱ्याला भीती वाटते ती बहुतेक वेळा जमिनीवर. एकदा इंजिन सुरू झालं की हाताला, डोळ्याला, कानाला इतकं काम असतं की घाबरायला सवड उरत नाही. खरी परीक्षा असते आदल्या रात्रीची आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून काढलेल्या वेळेची. गोव्यातल्या डिचोली, पेडणे, फोंड्याकडची मुलं शिकायला बेळगाव, बारामती अशा ठिकाणी जातात. दाबोळीवर उतरणारी मोठी विमानं लहानपणापासून पाहिलेली असतात, पण दोन-चार आसनांचं, हाताने ढकलता येणारं विमान असं थेट समोर येतं. त्यात घर लांब, हॉस्टेलची खोली अनोळखी. मन सैरभैर होणारच. त्यावर माझ्या मते एकच उपाय चालतो: वाट पाहण्याच्या वेळेला काम नेमून द्यायचं.

भीतीचं नाव कागदावर लिहा

‘मला टेन्शन येतं’ एवढ्याने काही हाती लागत नाही. नेमकं कशाचं, ते एका ओळीत लिहा. उत्तर बहुधा यांपैकी असतं: स्टॉल, लँडिंग, रेडिओवर बोलणं, किंवा इन्स्ट्रक्टरचा ओरडा.

यादीत कोणी लिहीत नाही अशी पाचवी गोष्ट म्हणजे पैसा. तासाला हजारो रुपये जातात, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, म्हणून साधा सराव म्हणजे नापास-पासची परीक्षा वाटू लागते. हिशेब जरूर ठेवा, पण महिन्यातून एकदा बसून, घरच्यांशी बोलून. कॉकपिटमध्ये मीटर मोजत बसलात तर लँडिंग सुधारणार नाही.

स्टॉलबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडला की त्याची उचल कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. नाक खाली केलं की पंख पुन्हा काम करू लागतो. सेसना 172 या चार आसनी शिकाऊ विमानात स्टॉलच्या वेगाआधी 5 ते 10 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) असतानाच इशाऱ्याचा भोंगा वाजतो. आणि इंजिन खरंच थांबलं तरी विमान दगडासारखं पडत नाही: हेच विमान 1000 फूट उंची गमावताना साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे तरंगत जातं. हे आकडे पाठ असले की रात्री दोन वाजता मनाला उत्तर देता येतं.

आदल्या संध्याकाळी: खुर्चीवर बसून उडा

उद्या काय शिकवणार, हे इन्स्ट्रक्टरला विचारा. सर किंवा मॅडम कितीही कडक असोत, हा प्रश्न त्यांना आवडतोच. मग कॉकपिटचं चित्र भिंतीवर लावा, समोर खुर्ची ठेवा आणि अख्खा धडा बसल्या जागी करा. सुट्टीत घरी असाल तर पडवीही चालेल, फक्त शेजारी काय म्हणतील याची तयारी ठेवा.

मनातल्या मनात करू नका. हात खरोखर हलवा, शब्द मोठ्याने बोला. समजा उद्या सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेऱ्या आहेत: टेक-ऑफ, चढण, वळण, 1000 फुटांवर डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू), तिथल्या तपासण्या, मग बेस (आडवी बाजू), मग फायनल (उतरण्याची सरळ रेषा). प्रत्येक टप्प्यावर वेग किती, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) किती, नजर कुठे, हे सांगत जा. जिथे अडखळाल तिथेच तुमची भीती दडलेली असते. तेवढंच पान उघडून वाचा आणि पुन्हा बसा. दोन-तीन फेऱ्या पुरतात, रात्रभर घोकंपट्टी नको.

रेडिओची धास्ती असेल तर रस्त्यावरच्या गाड्या कामाला लावा. म्हापशाच्या बाजारात समोर जीए-03 ची स्कूटर दिसली की म्हणा: ‘गोल्फ अल्फा झिरो ट्री’. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’. खरखरीतही आकडा चुकू नये म्हणून हे उच्चार ठरवलेले आहेत. आठवडाभरात जिभेला वळण लागतं. टॉवरशी बोलण्याआधी ‘कोणाला, मी कोण, कुठे आहे, काय हवं’ एवढा क्रम मनात लावा. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणण्यात कमीपणा नाही.

सकाळी

रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि पातळभाजी-पावासोबत मिरची भजी हाणूनही जाऊ नका. पेज, पोयी, केळं असं हलकं काहीतरी बरं. चहा-कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको, नाहीतर कॉफीची धडधड भीतीच्या खात्यात जमा होते. उड्डाणाआधीचे 12 तास मद्य वर्ज्य, हा आपल्याकडचा नियम आहे. आदल्या रात्री लग्न असो की जत्रेचं जेवण, त्याला अपवाद नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मी कडक आहे. मळमळ थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि मन शांत करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेणं तर त्याहून वाईट. विमान चालवणाऱ्याने कुठलंही औषध विमानवैद्यकाची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, किंवा छाती दाटून घाबरं होत असेल, तर तेही त्यांच्याच कानावर घाला.

आता मुख्य प्रश्न: आज उडायचं की नाही? तो भीतीला विचारू नका, यादीला विचारा. आजारी आहे का, औषध घेतलंय का, घरचा काही मोठा ताण आहे का, दारू, थकवा, जेवण. यांत काही खटकलं तर उड्डाण रद्द करा आणि अपराधी वाटून घेऊ नका. सगळं ठीक असेल आणि फक्त छाती धडधडत असेल, तर जा.

बाकावर

नंबर यायला वेळ लागतोच. धुकं असतं, विमान देखभालीत असतं, आधीचा विद्यार्थी उशिरा येतो. अशा वेळी आधीच घाबरलेल्या चार जणांच्या घोळक्यात अपघातांच्या गोष्टी ऐकत बसू नका. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं काही मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते.

मग वाऱ्याचा हिशेब करा. दाबोळीचं उदाहरण घेऊ. तिथली धावपट्टी 08/26, म्हणजे एका बाजूने दिशा सुमारे 80 अंश, दुसऱ्या बाजूने 260. वारा 290 अंशांवरून 10 नॉट असेल तर 26 च्या दिशेशी कोन 30 अंशांचा. 30 अंशांना आडवा वारा निम्मा, म्हणजे 5 नॉट, उजवीकडून. सेसना 172 चाचणीत 15 नॉट आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं आहे. विमानाची मर्यादा आणि आजचा वारा असे शेजारी मांडले की झाडांची सळसळ ऐकून दचकायला होत नाही. शिकाऊंसाठीची शाळेची मर्यादा अर्थातच कमी असते, ती विचारून घ्या.

विमानात

पट्टे आवळण्याआधीच सांगा, ‘सर, आज थोडी भीती वाटतेय.’ लपवली तर इन्स्ट्रक्टरला ती बेपर्वाई किंवा मठ्ठपणा वाटते. दोन्हीकडे कंट्रोल असतात. ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून विमान त्यांच्या हाती देण्याची सोय तुमच्यासाठीच आहे.

वर गेल्यावर एक मागणी जरूर करा: विमान ट्रिम करून (कंट्रोलवर जोर लावावा लागू नये अशी जुळणी करून) हात सोडून दाखवा. विमान स्वतःहून सरळ उडत राहतं. आपण धरून ठेवलंय म्हणून ते वर आहे, हा समज त्या एका मिनिटात मोडतो, आणि निम्मी भीती त्याच समजातून येते. तरीही मूठ आवळली जात असेल तर बोटांमध्ये पेन्सिल अडकवून योक (विमानाचं स्टिअरिंग) धरा. जास्त दाबलं की तीच टोचून आठवण करून देते.

दुपारी जमीन तापली की हवा उसळते, म्हणून सुरुवातीला सकाळचे स्लॉट मागा. धक्के चोडणच्या फेरीबोटीत बसतात तसेच असतात: बोट डुलते, पण आपल्या वाटेनं जाते. मळमळलं तर क्षितिजाकडे बघा, हवेची खिडकी उघडा आणि शक्य असेल तर विमान स्वतः चालवा. चालवणाऱ्याला सहसा कमी त्रास होतो.

उतरल्यावर

काय जमलं आणि पुढच्या वेळी काय, असं दोनच ओळींत लिहा आणि लगेच पुढची तारीख घ्या. मध्ये खंड पडला की भीती पुन्हा वाढते. पावसाळ्यात आणि चवथीला घरी आल्यावर तो पडणारच. त्या दिवसांत खुर्चीचा सराव चालू ठेवा, दाबोळी-मोप्याचे हवामान अहवाल रोज वाचून आकाशाशी ताडून पाहा. परत गेल्यावर पहिला धडा नवा नको. इन्स्ट्रक्टरसोबत जुनीच सर्किट मागून घ्या.