मोल, घनता आणि वस्तुमानाची गणितं: या चुका टाळा

परळला आमच्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची पोरं केमिस्ट्रीची गणितं घेऊन येतात, आणि इतक्या वह्या बघून एक गोष्ट मला पक्की कळलीय, की "मोल (अणू-रेणू मोजायचा ठरावीक गठ्ठा, जसा डझन) जमतच नाही" म्हणणाऱ्यांचा गुणाकार-भागाकार बहुतेक वेळा बरोबरच असतो, घोळ होतो तो त्याच्या आधी, हातातला आकडा कशाचा आहे हेच बघितलेलं नसतं.

सगळ्यात जास्त मार्क जातात मिलीलिटरवर. प्रश्नात ४६ मिली इथेनॉल दिलंय, इथेनॉलचं मोलर मास, म्हणजे १ मोलचं ग्रॅममधलं वजन, ४६, पोरगं खूश, उत्तर १ मोल! अरे पण मोलर मासचे ४६ हे ग्रॅम आहेत, मिली नाहीत ना. इथेनॉलची घनता ०.७८९ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे ४६ मिली भरतं ३६.३ ग्रॅम आणि मोल होतात ०.७९. ही सवय पाण्यानं लावलीय, कारण सुरुवातीची उदाहरणं पाण्याची आणि तिथे १ मिली म्हणजे १ ग्रॅम धरून चालतं. घरातली गोडेतेलाची १ लिटरची पिशवी बघा, वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेलं असतं, किलो नाही. म्हणून मिली दिसले की आधी घनतेनं गुणा, ग्रॅम काढा, मगच मोलर मासनं भागा.

हीच चूक कॉन्क (तीव्र) सल्फ्युरिक ॲसिडला केली तर फार महागात पडते. बाटलीवर ९८ टक्के आणि घनता १.८४ लिहिलेलं असतं. १ लिटरचं वजन १८४० ग्रॅम, त्यातलं खरं ॲसिड ९८ टक्के म्हणजे १८०३ ग्रॅम, भागिले त्याचं मोलर मास ९८, झालं १८.४ मोलर, म्हणजे लिटरला १८.४ मोल. लिटरला १००० ग्रॅम धरणाऱ्याला हेच १० मोलर वाटतं, मग ५०० मिली १ मोलर द्रावणासाठी २७ मिलीच्या जागी तो ५० मिली घेतो, जवळजवळ दुप्पट. आणि हे आकडे चुकोत नाहीतर बरोबर येवोत, ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

प्रॅक्टिकलला मोरचूद (कॉपर सल्फेट) फसवतं. निळे खडे म्हणजे पाण्याच्या पाच रेणूंसकट, मोलर मास २४९.७, पांढरी पावडर बिनपाण्याची, १५९.६. २५० मिली ०.१ मोलर द्रावणाला निळं ६.२४ ग्रॅम लागतं, तुम्ही १५९.६ धरून ३.९९ ग्रॅम टाकलंत तर द्रावण ०.०६४ मोलरच होणार, मग टायट्रेशन (थेंब थेंब मिसळून द्रावणाची ताकद मोजणं) कितीही जपून करा, रीडिंग जुळत नाही. कॉस्टिक सोड्याचं तर आपल्या पावसाळ्यात विचारूच नका, काट्यावर ठेवल्या ठेवल्या हवेतलं पाणी ओढतो आणि वजन वाढत जातं, म्हणून त्याचं द्रावण ऑक्झॅलिक ॲसिडनं तपासूनच वापरायचं.

उत्तर बरोब्बर निम्मं किंवा दुप्पट येत असेल तर अणू आणि रेणू बघा, १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे अर्धा मोल रेणू पण १ मोल अणू.

२२.४ लिटरही डोळे मिटून लावू नका. तो आकडा फक्त वायूंचा, तोही ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला, दाब १ बार दिला असेल तर २२.७. मुंबईत ३० अंशाला तोच १ मोल वायू जवळपास २४.९ लिटर जागा घेतो, त्यामुळे "रूम टेंपरेचर" वाचलं की पीव्ही इज इक्वल टू एनआरटी (दाब गुणिले आकारमान = मोल गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान) लिहा आणि तापमान केल्विनमध्ये टाका.

सगळं बरोबर करूनही शेवटी लॉग टेबलमध्ये (गुणाकार-भागाकार सोपे करायच्या तक्त्यात) उत्तर चुकतं ते फार वाईट वाटतं. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, म्हणून हे आलंच पाहिजे. ०.०२५ चा लॉग बार २.३९७९, यात बार, म्हणजे मायनस दाखवणारी डोक्यावरची आडवी रेघ, फक्त २ वर आहे, .३९७९ प्लसच. पोरं सगळंच मायनस धरतात आणि ०.०२५ चं ०.००४ होतं, सहा पटीनं कमी! बार २ दिसला की आधी .३९७९ चा अँटिलॉग (लॉगवरून मूळ आकडा) घ्या, २.५ येईल, मग पॉइंट दोन घरं डावीकडे सरकवा.